रोड सायकल, तळपाय आणि क्लिपलेस पेडल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारच्या राइडला कोणी नवीन आलं की टपरीवर चहा येईपर्यंत पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पेडल कुठलं घेऊ?" दोन-तीन महिन्यांनी तोच माणूस परत येतो, तेव्हा पेडल घेऊन झालेलं असतं आणि प्रश्न असतो, "पाय एवढे का जळतात?" खाली क्रम मुद्दाम फिरवला आहे. मी बाइक-फिटर नाही आणि डॉक्टरही नाही. पुण्याच्या आसपासचे घाट आणि काही ब्रेवे (ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या राइड) करताना स्वतःचे पाय पोळले आणि मित्रांच्या बुटांखालचे स्क्रू पिळले, त्यातून कळलेल्या या गोष्टी आहेत.

नाव क्लिपलेस, आणि पाय तर क्लिप होतो. हे काय गौडबंगाल आहे?

पूर्वी रेसिंग सायकलच्या पेडलला पुढून एक धातूचा पिंजरा असायचा, त्याला टो-क्लिप म्हणत. पाय आत सरकवायचा, वरून चामड्याचा पट्टा आवळायचा आणि थांबायच्या आधी वाकून तो पट्टा सैल करायचा. विसरलात तर आडवे. १९८४ मध्ये फ्रान्समधल्या लुक या कंपनीने, जी तोवर बर्फावरच्या स्कीचे बाइंडिंग बनवत होती, तीच युक्ती पेडलला लावली. बुटाखाली एक पट्टी, ती पेडलच्या स्प्रिंगमध्ये खटकन बसते आणि टाच बाहेर वळवली की सुटते. पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनोने ही पेडलं वापरून आपली पाचवी टूर द फ्रान्स जिंकली, आणि पिंजऱ्याचे दिवस भरले. टो-क्लिप गेली म्हणून क्लिपलेस. बुटाखालच्या पट्टीला क्लीट म्हणतात.

मला हे हवंच आहे का? साध्या पेडलवर काय बिघडतं?

काही बिघडत नाही. ऑफिसला जाणं, २०-३० किलोमीटरची सकाळची फेरी, अधूनमधून सिंहगड, एवढंच असेल तर चांगली रुंद, टोकदार पिना असलेली साधी पेडलं आणि कडक तळाचे बूट पुरतात. अशा पेडलांवर २०० किलोमीटरची ब्रेवे वेळेत संपवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यातल्या एकाने मला मागेही टाकलं आहे.

"क्लीटमुळे पाय वर ओढता येतो, दुप्पट ताकद लागते" हे मात्र फार मनावर घेऊ नका. एरवीच्या स्थिर वेगात बहुतेक सायकलस्वार वर ओढत नाहीतच. वर येणाऱ्या पायाचं ओझं खाली जाणाऱ्या पायावर पडू नये इतपत तो हलका करतात, बस. खरा फायदा वेगळा आहे. पाय एका जागी राहतो. खड्ड्यातून गेल्यावर पेडलवरून उडत नाही, उभं राहून चढताना घसरत नाही, पाय भरभर फिरवताना शोधावा लागत नाही.

पण पाय एका जागी राहतो हेच दुखण्याचं मूळही आहे. हिशेब करून बघा: मिनिटाला ८० फेरे आणि ९ तास पेडलिंग धरलं तर २०० किलोमीटरच्या राइडमध्ये प्रत्येक पाय ४३,२०० वेळा गोल फिरतो. साध्या पेडलवर पाय नकळत इकडेतिकडे सरकत असतो, दाब वाटला जातो. क्लीटमध्ये तो दाब ४३ हजार वेळा त्याच जागी पडतो. ती जागा चुकली असेल तर पाय बोलणारच.

मग सुरुवात कुठून करू?

बुटापासून. मग क्लीटची जागा. पेडल सगळ्यात शेवटी. आपल्याकडे खर्च नेमका उलट होतो: महागडं पेडल आधी येतं आणि बूट "सेलमध्ये जे मिळालं ते". पेडल पायाला लागतच नाही हो, पायाला लागतो तो बूट.

सायकलचे बूट नेहमीच्याच मापाचे घ्यावेत का?

नंबर विसरा, सेंटिमीटर बघा. एका कंपनीचा ४२ आणि दुसऱ्या कंपनीचा ४२ यांत बोटभर फरक निघू शकतो. संध्याकाळी, दिवसभर वावरून पाय थोडे फुगलेले असताना, भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा आणि पेन्सिल सरळ उभी धरून पायाची कड काढा. बसून काढू नका. वजन पडल्यावर पाऊल पसरतं, आणि आपल्याला ते पसरलेलं माप हवं आहे. लांबी आणि चवड्याची रुंदी दोन्ही मोजा. दोन पायांत थोडा फरक असणारच. मोठ्या पायाचं माप धरा. पुष्कळांचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, तेव्हा माप सगळ्यात लांब बोटापर्यंत.

बोटांपुढे साधारण अर्धा सेंटिमीटर मोकळी जागा राहायला हवी. धावायच्या बुटाइतकी नको. टाच मात्र हलता कामा नये.

दुकानात करायची एक सोपी परीक्षा: बुटातला सुट्टा तळवा, म्हणजे इनसोल, काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. पाऊल दोन्ही बाजूंनी तळव्याबाहेर सांडत असेल, तर तो बूट तुमचा नाही. रंग कितीही आवडलेला असो.

माझा पंजा रुंद आहे. एक-दोन नंबर मोठा बूट घेतला तर?

माझा पहिला बूट असाच घेतला गेला. लहानपण चपलेत आणि अनवाणी गेलेलं, चवडा फावड्यासारखा. दुकानदाराने दोन नंबर मोठा बूट चढवला, "सैल होईल, मोजे जाड घाला" म्हणाला. रुंदीला बूट बसला आणि सहा महिने तळपाय जळत राहिले.

कारण नंतर कळलं. मोठ्या बुटात टाच मागे टेकलेलीच असते, त्यामुळे पायाचा चवडा बुटाच्या मानाने मागे येतो. क्लीटची भोकं मात्र मोठ्या पायाच्या हिशेबाने पुढे असतात. क्लीट शक्य तितकी मागे ओढली तरी ती बोटांच्या बुडाशीच राहते, आणि सगळा भार तिथल्या नाजूक भागावर. लांबी वाढवून रुंदी विकत घेता येत नाही.

रुंद पायांसाठी वेगळे साचे असतात. शिमानो आपली काही मॉडेलं 'वाइड' मध्ये काढते, लेक ही कंपनी तर त्यासाठीच ओळखली जाते, आणि बॉंटचे काही बूट ओव्हनमध्ये गरम करून पायाच्या आकाराचे करून घेता येतात. (होय, घरच्या ओव्हनमध्ये. तापमान कंपनीने सांगितलंय तेवढंच ठेवा, नानकटाईच्या अंदाजाने नको.) आपल्याकडच्या दुकानांत वाइड मापं मागवावी लागतात आणि थांबावं लागतं. थांबा.

कार्बन सोल घ्यावा का?

कडक सोलचा एक गुण नक्की आहे: पेडलचा दाब एका बिंदूवर न राहता पूर्ण तळव्यावर पसरतो. मऊ सोलच्या बुटात, खास करून छोट्या क्लीटवर, दोन तासांनी तळव्याखाली बटण ठेवल्यासारखं वाटतं. पण कार्बन फार कडक असतो आणि तळव्याचा आकार जमला नाही तर तो माफ करत नाही. रस्त्याची थरथरही सरळ वर पाठवतो. काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा मध्यम कडक सोल बहुतेकांना पुरेसा आहे. वाचलेल्या पैशात चांगले इनसोल घ्या. बुटाबरोबर येणारे इनसोल बहुधा पापडासारखे असतात.

५०-६० किलोमीटर झाले की चवड्याखाली आग होते. काय करू?

याला सायकलवाले 'हॉट फूट' म्हणतात. नाव उष्णतेचं असलं तरी मूळ कारण दाब आहे. बोटांच्या बुडाशी जी पाच हाडांची टोकं आहेत त्यांच्यामधून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. वरून घट्ट पट्टा, बाजूंनी अरुंद बूट आणि खालून क्लीट, अशा तिहेरी कात्रीत त्या सापडल्या की आधी ऊब, मग जळजळ, मग वेदना. एप्रिल-मेमधल्या उन्हात डांबरावरून येणारी धग पाय फुगवते आणि सकाळी नीट बसलेला बूट अकरा वाजता अरुंद होतो.

चालू राइडमध्ये आधी हे करा: सगळ्यात पुढचा, बोटांजवळचा पट्टा किंवा डायल सैल करा. चावी तीच असते. पाय मागे-पुढे होऊ नये हे काम वरच्या पट्ट्याचं आहे. पुढच्या पट्ट्याने आवळायचं काहीच नाही. मग एक-दोन गिअर हलके करा. जड गिअरवर मिनिटाला ५५-६० फेऱ्यांनी रेटत राहिलं तर प्रत्येक फेऱ्याला तळव्यावर जास्त भार पडतो. ८०-८५ वर आणलात तर तोच वेग हलक्या दाबात मिळतो. खंबाटकीसारख्या घाटात मात्र गिअर संपतात आणि हा सल्ला हवेत जातो, तेव्हा दर काही मिनिटांनी उभे राहा आणि बुटात बोटं हलवा. उन्हाळ्यात बाटलीतलं थोडं पाणी बुटावर ओता. बरं वाटतं.

घरी आल्यावर क्लीट २-३ मिलिमीटर मागे घ्या. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक लोकांचं दुखणं इथेच संपतं. अजून राहिलं तर इनसोलखाली मेटाटार्सल पॅड, म्हणजे थेंबाच्या आकाराचा छोटा उंचवटा, लावून बघा. तो दुखऱ्या जागेच्या मागे लावायचा असतो. हाडांच्या टोकांना तो किंचित विलग करतो आणि मधल्या नसेला जागा मिळते. नेमका दुखतंय तिथेच लावला तर दुखणं वाढतं, आणि लोक नेमकं तेच करतात.

जळजळ नाही, पण बोटं बधिर होतात, मुंग्या येतात.

त्याच घराण्यातलं दुखणं. आधी मोजे बघा. जाड सुती मोजे घालून बूट 'फिट' केला असेल तर बुटातली जागा मोज्यानेच खाल्लेली असते, शिवाय सुती मोजा घाम धरून ठेवतो. सायकलिंगचे पातळ, घाम सोडणारे मोजे घ्या. इतक्या कमी पैशांत एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. फक्त करंगळीच्या बाजूला मुंग्या येत असतील तर बूट अरुंद आहे. वरच्या पट्ट्याखाली, पायाच्या पाठीवर दाबून दुखत असेल तर तोच पट्टा एक खाच सोडा.

क्लीट नेमकी कुठे बसवायची?

बूट घालून चाचपा. अंगठ्याच्या बुडाशी आतल्या बाजूला हाडाचं एक टोक लागतं, करंगळीच्या बुडाशी बाहेरच्या बाजूला दुसरं. दोन्ही जागी बुटावर चिकटपट्टीचे तुकडे लावून खूण करा. बाहेरचं टोक नेहमी आतल्याच्या मागे असतं. पेडलचा आस या दोन खुणांच्या मधोमध येईल अशी क्लीट ठेवा. जुन्या सल्ल्यानुसार आस अंगठ्याच्या टोकाखाली असायचा. लांब अंतराला मला तो पुढे वाटतो. ब्रेवेवाले तर त्याहूनही मागे नेतात. पोटऱ्यांना पेटके येण्याचं प्रमाणही मागच्या क्लीटने कमी होतं, कारण टाच सावरून धरायचं त्यांचं काम घटतं.

क्लीट मागे घेतली की दोन गोष्टी तपासा. सीट मिलिमीटरभर खाली घ्यावी लागू शकते. आणि पाय पुढे आल्यामुळे बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं का ते बघा, विशेषतः फ्रेम लहान असेल तर. हळू वेगात तीव्र वळण घेताना हे अचानक कळणं बरं नाही.

कोन कसा ठरवायचा? टेबलाच्या कडेला बसा, पाय मोकळे लोंबू द्या आणि वरून बघा. पावलं जिकडे तोंड करून आहेत तिकडेच पेडलवर राहू द्या. कुणाची टाच आत जाते, कुणाची बाहेर, आणि दोन्ही पाय सारखे असतीलच असं नाही. पावलं जबरदस्तीने सरळ रेषेत आणलीत तर ते भांडण गुडघ्यापर्यंत जातं.

आडवी जागा: क्लीट बुटाच्या आतल्या, म्हणजे अंगठ्याच्या बाजूला सरकवली की पाय क्रँकपासून (पेडल ज्या दांड्याला लावलेलं असतं त्यापासून) लांब जातो, बाहेर सरकवली की जवळ येतो. नितंब रुंद असलेल्यांना, किंवा ज्यांची टाच क्रँकला घासते त्यांना, पाय थोडे लांब हवे असतात. तेवढ्याने भागलं नाही तर शिमानोची ४ मिलिमीटर जास्त लांब आसाची रोड पेडलंही मिळतात.

जागा ठरली की क्लीटभोवती बुटावर मार्करने रेघ ओढा. पुढच्या वेळी क्लीट बदलताना हीच रेघ तुमचा अर्धा दिवस वाचवेल. एका वेळी एकच बदल, दोन-तीन मिलिमीटरचा, आणि मग निदान तीन-चार राइड तसंच. आदल्या रात्री क्लीट हलवून दुसऱ्या दिवशी ३०० ची ब्रेवे करू नका.

क्लीट लावल्यापासून गुडघा दुखतो. क्लीटचाच दोष ना?

बऱ्याचदा. पण आधी सीटची उंची बघा. गुडघ्याच्या पुढून दुखत असेल तर सीट खाली असण्याची शक्यता मोठी. मग क्लीटचा कोन, आणि मग फ्लोट. फ्लोट म्हणजे क्लीट सुटण्याआधी टाच जितके अंश मोकळी हलते ते. नवशिक्याने शून्य फ्लोटची क्लीट घेऊच नये. एखादा अनुभवी रेसर वापरत असेल तर त्याला वापरू दे.

पिवळी, निळी, लाल: क्लीटच्या रंगांचा अर्थ काय?

शिमानोच्या रोड पेडलांच्या पद्धतीत, म्हणजे एसपीडी-एसएलमध्ये, पिवळी ६ अंश, निळी २ अंश, लाल शून्य. लुकच्या किओ पेडलांमध्ये काळी शून्य, राखाडी ४.५ अंश आणि लाल ९ अंश. लालची गंमत लक्षात आली का? शिमानोची लाल पाय जखडून टाकते, लुकची लाल सगळ्यात मोकळी. "लाल क्लीट चांगली" असं कुणीतरी सांगितलं म्हणून भलत्या कंपनीची लाल आणणारे दरवर्षी एक-दोन भेटतात. दोन्हींची बुटावरची तीन भोकं सारखीच, पण यांची क्लीट त्यांच्या पेडलमध्ये नीट बसत नाही. बसल्यासारखी वाटली तरी वापरू नका.

एसपीडी की एसपीडी-एसएल?

यावर लोक गट पाडून भांडतात. मी एसपीडीच्या गटात आहे, ते आधीच सांगतो म्हणजे पुढचं त्या चष्म्यातून वाचता येईल.

एसपीडी शिमानोने १९९० मध्ये माउंटन बाइकसाठी आणलं. धातूची छोटी क्लीट, दोन स्क्रू, आणि ती बुटाच्या रबरी तळात खोल बसलेली, त्यामुळे माणसासारखं चालता येतं. पेडलच्या दोन्ही बाजूंना पाय बसतो, खाली बघावं लागत नाही. एसपीडी-एसएल ही रोडची पद्धत: प्लास्टिकची मोठी त्रिकोणी क्लीट, तीन स्क्रू, बुटाच्या तळाबाहेर आलेली. पाय रुंद आधारावर बसतो, पकड पक्की वाटते, पेडल हलकं असतं. फक्त चालताना बदक होतं.

आता तुमची राइड डोळ्यांसमोर आणा. पहाटे सुटलात, सहा वाजता चहा, आठ वाजता मिसळ, मधे पेट्रोल पंपावरचं ओल्या टाइल्सचं स्वच्छतागृह, ब्रेवे असेल तर तिथे पोहोचल्याचा पुरावा म्हणून पावतीसाठी एटीएमच्या गुळगुळीत पायऱ्या, पंक्चर झालं तर मुरमाच्या कडेने चालत सावलीपर्यंत. यात प्लास्टिकची क्लीट घसरतेही आणि झिजतेही. रेस करत असाल, किंवा घरातून निघून थेट घरीच उतरत असाल, तर एसपीडी-एसएल मस्त आहे. बाकीच्यांना मी शिमानोचं एम५२० सांगतो. जुनं, जड, दिसायला साधं, वर्षानुवर्षं तक्रार न करणारं. जोडीचं वजन ३८० ग्रॅम. शिमानोच्याच अल्टेग्रा आर८००० या एसपीडी-एसएल पेडलांचं २४८. फरक १३२ ग्रॅम, म्हणजे बाटलीतले चार-पाच घोट पाणी.

"छोट्या क्लीटने तळवा दुखतो" हा आक्षेप खोटा नाही, पण तो मऊ सोलच्या बुटाला लागू आहे. एसपीडीचा बूट पुरेशा कडक सोलचा घ्या, प्रश्न मिटतो. डेकॅथलॉनच्या ट्रायबन या ब्रँडमध्ये दोन आणि तीन अशी दोन्ही प्रकारची भोकं असलेले बूट आले आहेत. अजून मन ठरत नसेल तर तसा बूट बघा. मात्र त्यांत एसपीडी क्लीट तळाबाहेर येते आणि चालायचा फायदा जातो.

लुक, टाइम, स्पीडप्ले वगैरे?

लुक किओ आणि एसपीडी-एसएल यांत पायाला जाणवेल असा फार फरक नाही. जवळच्या दुकानात ज्याच्या क्लीट्स कायम मिळतात ते घ्या. टाइमच्या रोड पेडलात पाय वळण्याबरोबर थोडा आडवाही सरकतो, गुडघ्यांना ते मानवतं. ही पेडलं २०२१ पासून स्रॅम या कंपनीकडे आहेत.

स्पीडप्ले वेगळीच चीज आहे. पेडल म्हणजे चपटं लॉलिपॉप, पकड सगळी क्लीटमध्ये, पेडलच्या दोन्ही बाजूंनी प्रवेश, आणि फ्लोट ० ते १५ अंशांपर्यंत स्क्रूने हवा तेवढा लावता येतो. गुडघ्यांचे जुने रोगी त्याची शपथ घेतात. वाहू या कंपनीने २०१९ मध्ये स्पीडप्ले विकत घेतली. पण क्लीट महाग आणि चिखलाची तिला ॲलर्जी. जूनमध्ये ताम्हिणीत उतरून एकदा बाजूला उभे राहिलात की पुढची पाच मिनिटं काडीने माती कोरणं आलं.

एका बाजूला क्लीट, दुसऱ्या बाजूला सपाट, असं पेडल कसं?

शहरात रोज चप्पल घालून आणि रविवारी बूट घालून तीच सायकल चालवणाऱ्यांना उत्तम. शिमानोचं ईएच५०० तसं आहे. सिग्नल सुटल्यावर हवी ती बाजू कधीच वर नसते, एवढं सोसायची तयारी ठेवा.

मी पडेन का?

हो. बहुधा थांबलेले असताना, आणि बहुधा लोकांसमोर. माझी पाळी आली तेव्हा डावा पाय सोडवून, टेकवायच्या तयारीत, मी उजवीकडे झुकलो. समोर बसथांबा भरलेला होता.

आधी घरी भिंतीला धरून प्रत्येक पाय ५० वेळा लावा-सोडा. पेडलवरच्या छोट्या स्क्रूने स्प्रिंग सगळ्यात सैल करा. एसपीडी असेल तर नेहमीच्या एसएच५१ ऐवजी एसएच५६ क्लीट लावा. ती बाजूलाच नव्हे तर इतर दिशांना ओढल्यावरही सुटते. आणि पाय थांबताना सोडू नका, थांबायच्या २०-३० फूट आधी सोडा. रिक्षा आडवी येते तेव्हा मात्र हे सगळं विसरायला होतं.

उन्हाळ्यात बूट नकोसे होतात. सँडल चालतील?

चालतील, आणि कुणी हसलं तर हसू द्या. शिमानोने एसपीडी क्लीट लागणाऱ्या सँडल काढल्या आहेत, आणि लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांत त्यांचे भक्त आहेत. बोटांवर दाब नाही, वारा खेळता, पाऊस आला तर वाळतातही लगेच. पायाच्या पाठीवर उन्हाचे पट्टे उमटतात तेवढेच.

पावसात भिजलेले बूट कसे वाळवायचे?

इनसोल बाहेर, आत वर्तमानपत्राचे बोळे, दोन तासांनी बोळे बदला, पंख्याखाली ठेवा. गॅसजवळ किंवा हेअर ड्रायरखाली नको, सोलचा डिंक सुटतो. क्लीटचे स्क्रू पावसाळ्याआधी एकदा काढून ग्रीस लावून परत बसवा. गंजून बसलेला क्लीटचा स्क्रू काढणं हा एक स्वतंत्र रविवार असतो. स्क्रूच्या खाचेत थोडं मेण भरून ठेवलंत तर माती बसत नाही.

पेडल घरी बदलता येतं का?

दहा मिनिटांचं काम. १५ मिलिमीटरचा पाना, किंवा पेडलच्या आसात खाच असेल तर ६ किंवा ८ मिलिमीटरची एलन की. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे लक्षात न राहिल्याने कित्येक क्रँक बाद झाले आहेत. पाठ करायला सोपं: पाना पेडलच्या वरच्या बाजूला धरा, पुढच्या चाकाकडे ढकलला की दोन्ही पेडलं आवळतात, मागच्या चाकाकडे ओढला की दोन्ही सैल होतात. आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले चार-पाच फेरे हातानेच फिरवा. हाताने जात नसेल तर आटे तिरके चालले आहेत. थांबा, जोर लावू नका.

पेडल मारताना कट-कट आवाज येतो.

बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतात ते फ्रेममधलं बेअरिंग) बदलायला सांगणाऱ्या मेकॅनिकला होकार द्यायच्या आधी क्लीटचे स्क्रू आवळा, क्लीट आणि पेडल जिथे घासतात तिथे मेणाचा पातळ हात फिरवा, आणि पेडल काढून आटे पुसून ग्रीस लावा. हजाराची बिलं अशी वाचली आहेत.

क्लीट कधी बदलायची?

एसपीडी-एसएलची रंगीत टोकं झिजून खालचा भाग दिसू लागला की. धातूची एसपीडी खूप जास्त टिकते. पाय आपोआप सुटू लागला किंवा पेडलमध्ये खुळखुळू लागला की बदला. दोन्ही पायांची एकदम बदला, डावी कितीही जास्त झिजलेली असली तरी.

डॉक्टरकडे कधी जायचं?

राइड संपून बूट काढल्यावर दहा-पंधरा मिनिटांत बधिरपणा जायला हवा. दुसऱ्या दिवशीही राहिला, साध्या चालण्यातही आला, किंवा तिसऱ्या-चौथ्या बोटांमध्ये बुटात खडा असल्यासारखं सतत टोचत असेल, तर क्लीट हलवत बसू नका. त्या दोन बोटांमधली नस जाड होण्याचा मॉर्टन्स न्यूरोमा नावाचा त्रास असतो, तो अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावा. मधुमेह असेल तर बधिरपणाला सायकलचं दुखणं समजून अंगावर काढूच नका, आणि प्रत्येक राइडनंतर तळवे आरशात बघा. बधिर पायावरचा फोड कळत नाही.

बूट बदलला, क्लीट मागे घेतली, पॅड लावलं. तरी १५० किलोमीटरनंतर पाय दुखतातच.

१५० किलोमीटरनंतर माझेही दुखतात. २०० च्या ब्रेवेला १३ तास ३० मिनिटं मिळतात, त्यातली दहा मिनिटं खर्च करा. बूट आणि मोजे काढा, पाय टपरीच्या बाकड्यावर घ्या, शेजारी बोअरचा नळ असेल तर त्याखाली धरा. बोटं मोकळी करा, कोरडे मोजे असतील तर घाला. परत बूट चढवताना पुढचा पट्टा सैलच ठेवा.